शाल नको, शपथपत्र करून द्या : माजी सैनिक मदत गटाच्या नोंदी

१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार

पहिली बैठक. हजर : निवृत्त सुभेदार साहेब, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून (आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणतो), प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टर, महाविद्यालयातले एनसीसीचे दोघे कॅडेट आणि नोंदी ठेवायला मी.

'फौजींसाठी काहीतरी करू या' म्हणणारे आजवर पुष्कळ भेटलेत. ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे ठरवायला बसलो आणि बराच वेळ नुसत्या यादीवर गेला. पेन्शनवाले एका बाजूला, बिनपेन्शनवाले दुसऱ्या. लोकांचा समज असा की फौजेतून आला म्हणजे पेन्शन असणारच. जवानाला पेन्शनसाठी साधारण पंधरा वर्षं सेवा लागते. वडील वारले, शेती बघायला कोणी नाही, म्हणून नवव्या-दहाव्या वर्षी नाव कापून घरी आलेले कितीतरी जण आहेत. पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून दवाखाना खिशातून. आणि वय सत्तरीच्या पुढे. आपलं काम मुख्यतः याच लोकांत आहे, असं माझं मत. पेन्शनवाल्यांच्या अडचणीही आहेत, पण त्या वेगळ्या.

बुधवारच्या बातमीवर सगळ्यात जास्त बोलणं झालं. केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत मिळणाऱ्या मदतीच्या रकमा संरक्षण मंत्रालयानं दुप्पट केल्या. पेन्शन नसलेला, ६५ वर्षांवरचा, नियमित उत्पन्न नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना दरमहा ४,००० मिळत होते, ते ८,००० होणार. मुलांच्या शिक्षणाचे दरमहा १,००० चे २,०००, मुलीच्या लग्नाचे ५०,००० चे १,००,०००. वाढीव दर १ नोव्हेंबरपासून येणाऱ्या अर्जांना. आमच्या हातातल्या काही फायली तयार होत्या, सोमवारीच भरायच्या होत्या. सुभेदार साहेब म्हणाले, "थांबा." सिस्टर म्हणाल्या, "या वयाच्या माणसाला थांबा म्हणायचं?" शेवटी दोन आठवडे थांबायचं ठरलं, पण प्रत्येकाला घरी जाऊन कारण सांगायचं. फोनवर नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीनंतर देणाऱ्यांची रीघ. ब्लँकेटं, धान्याच्या पिशव्या, जुने कपडे, कोणीतरी भिंतीवरची घड्याळंसुद्धा दिली. एका मंडळानं फोन केला : आम्ही दहा माजी सैनिकांचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ आमच्याकडून, माणसं तुम्ही आणा. भाऊसाहेबांनी सरळ सांगितलं, "शाल राहू द्या. त्या पैशात दोघांची शपथपत्रं करून द्या आणि तहसीलला नेण्या-आणण्याची गाडी द्या." पलीकडून "विचारून सांगतो" आलं.

देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ब्लँकेट देताना फोटो निघतो, शपथपत्राचा निघत नाही. ज्या आजींकडे ब्लँकेट पोचवलं, त्यांच्या घरी आधीची चार घडी घालून ठेवलेली होती. त्यांना हवी होती ती शेजारच्या गावातल्या बँकेपर्यंत सोबत.

पैशाचा नियम आज लिहून काढला. गटाची नोंदणी नाही, त्यामुळे आपल्या हातात रोख घ्यायची नाही. नोंदणीकृत संस्था नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. ती घेईपर्यंत देणगीदारानं थेट औषधाच्या दुकानात, गाडीवाल्याला किंवा दवाखान्यात पैसे भरायचे. पावती त्याच्याच नावाची, आम्ही वहीत फक्त नोंद करायची. एका व्यापाऱ्यांना हे आवडलं नाही. "एवढा अविश्वास?" म्हणाले. विश्वास आहे तोवरच नियम करून घ्यावा, असं सुभेदार साहेबांचं म्हणणं. ते पलटणीत कॅन्टीनचा हिशोब बघत होते, त्यामुळे या विषयावर त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

अर्ज भरायला सुरुवात. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर माहिती, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पडताळणी आणि शिफारस, मग पुढे. हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा असावा लागतो. डिस्चार्ज बुकची, म्हणजे फौजेतून बाहेर पडताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तिकेची, सगळी पानं लागतात आणि तिथंच घोळ सुरू होतो. सत्तरच्या दशकातली शाई फिकी पडलेली, घडीवर कागद फाटलेला. फोटो काढला तर फ्लॅशनं अक्षर उडतं. कॅडेटनं युक्ती काढली : दारात, सावलीत, पान सपाट पाटीवर ठेवून फोटो. चांगले आले.

एका आजींचा अर्ज अडला. आधारवर नाव एक, नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात दुसरंच. कारण आपल्याकडचं नेहमीचं : लग्नात नाव बदललं. जवानानं भरती झाल्यावर बायकोचं माहेरचं नाव लिहिलं, सासरी ती वेगळ्याच नावानं ओळखली गेली, रेशनकार्डापासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे सासरचं नाव. नवरा गेल्यावर ही बाई तीच, हे सिद्ध करायची पाळी तिच्यावर. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं दंडाधिकाऱ्यांसमोरचं शपथपत्र, सोबत सरपंचांचा दाखला आणि मग रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पत्र. रेकॉर्डला नोंद बदलली की तसा अधिकृत आदेश, पार्ट टू ऑर्डर, निघतो.

माजी सैनिक हयात असतानाच ही दुरुस्ती करून घ्यावी, हे प्रत्येक घरी सांगायचं. नवरा सही करू शकतो तोवर काम सोपं असतं. यादीत 'पत्नीचं नाव जुळतं का' असा रकाना वाढवला. आज संध्याकाळपर्यंत त्या रकान्यात 'नाही' जास्त.

५ नोव्हेंबर, बुधवार

हयातीचा दाखला. पेन्शनवाल्यांची गर्दी. दाखला वेळेत गेला नाही की पेन्शन थांबते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण 'स्पर्श' ही पेन्शनची नवी ऑनलाइन प्रणाली आल्यापासून नेमकं जायचं कुठं, याचा गोंधळ आहे. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की झालं. आता पेन्शन बँकेमार्फत न ठरता प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण खात्याच्या पेन्शन कार्यालयाकडून स्पर्श प्रणालीवर येते. बँक फक्त खातं सांभाळते.

जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं तेव्हा बोटाचा ठसा लागायचा. शेतात राबलेल्या माणसाच्या बोटावर रेषाच उरत नाहीत, मशीन नकार देतं. आता चेहऱ्यावरून ओळख होते, त्यासाठी आधारचं फेस आरडी ॲप आणि जीवन प्रमाण ॲप, एवढं पुरतं. एका कॅडेटच्या फोनवर बसल्या जागी पुष्कळांचे दाखले झाले. पाठीमागे उजेड नको, चष्मा काढायचा आणि सांगितलं की पापणी मिटून उघडायची. पापणी मिटायला सांगितली की काही जण डोळे घट्ट मिटून बसतात, जणू इंजेक्शन देतोय. हसत-खेळत झालं.

खरी चूक होते ती पुढच्या पडद्यावर. पेन्शन देणारी यंत्रणा निवडताना सवयीनं जुन्या बँकेचं नाव निवडलं जातं. दाखला तयार होतो, क्रमांकही येतो, पण तो जातो भलतीकडे. स्पर्शवर असलेल्यांनी मंजुरी देणारं कार्यालय म्हणून 'डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद' आणि वितरण करणारं म्हणून 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' निवडायचं. शहराचं नाव बदललं, यादीत अजून जुनंच आहे. भाऊसाहेबांनी हे मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर चिकटवलं. मागच्या वर्षी गावातल्या एका केंद्रावर दाखला काढून आलेल्या हवालदार साहेबांची पेन्शन याच कारणानं थांबली होती.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी पोस्टमनला सांगितलं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची घरपोच सेवा आहे. प्रत्येक काम आपणच करायला हवं असं नाही. ज्याचं काम आहे त्याला घरापर्यंत नेणं हेही पुरतं.

९ नोव्हेंबर, रविवार

घरभेटी. वस्तीच्या टोकाला एक काका, पेन्शन बसण्याआधीच शिपाई म्हणून बाहेर पडलेले, एकटेच राहतात. दार उघडलं, पाणी दिलं आणि विचारलं, "हे पैसे कोण देतंय? गावातून गोळा केलेत का?" मी म्हटलं, नाही, संरक्षण मंत्रालयाच्या निधीतून आहेत, नियमात बसता म्हणून. मग डिस्चार्ज बुक काढलं. ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर खाकी कापड. सही केली.

गाडीचं भाडं मात्र घेईनात. चालत जाईन म्हणाले. गुडघा सुजलेला, अंतर बरंच. मी समजावत राहिले, काही उपयोग नाही. सुभेदार साहेब तोवर अंगणात उभे होते. आत आले, ताठ उभे राहून म्हणाले, "उद्या नऊ वाजता गाडी रिपोर्ट करेल. बसायचं." काकांनी "जी साहेब" म्हटलं आणि विषय संपला. असल्या ठिकाणी माझ्यासारखीचं गोड बोलणं कुचकामी ठरतं. यापुढे घरभेटीला फौजेतला एक माणूस हवाच, असा नियम केला.

आणखी एकांचा गुडघ्याखाली पाय नाही. कृत्रिम पाय जुना, त्याची खोबण सैल झालेली, त्यावर फडकं गुंडाळून चालतात. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये नेता येईल. १९४४ पासूनची संस्था आहे, सैनिकांसाठीच उभी राहिली. काकांना ती माहीत होती, पहिला पाय तिथलाच. मग इतकी वर्षं गेले का नाहीत? "मुलाची रजा मोडते." सोबत कोण जाणार, हा एवढाच प्रश्न होता. सिस्टरनी आपल्या ओळखीतला एक जण नक्की केला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फसवणुकीचे फोन वाढलेत. 'स्पर्श खातं बंद होणार, ओटीपी सांगा.' नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचा धाक असतो, त्याचाच फायदा घेतात. एका वीरपत्नींनी ओटीपी सांगायच्या आधी कॅडेटला फोन लावला म्हणून वाचल्या.

आमच्यासाठीही नियम : कोणाचा ओटीपी विचारायचा नाही, त्यांनी स्वतः टाकायचा. एटीएम कार्डाला हात नाही. काम झालं की फोनमधले आधार आणि पीपीओचे (पेन्शनच्या आदेशाचे) फोटो त्यांच्यासमोर पुसायचे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डिस्चार्ज बुक हरवलेले आजोबा. पुरात घर बुडालं तेव्हा गेलं. मुलाला वाटतं आता काही होणार नाही. आजोबांना हल्ली फारसं आठवत नाही, नातवाचं नाव चुकतात. सुभेदार साहेबांनी विचारलं, "नंबर?" आणि ते एका श्वासात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं बोलून गेले. मुलानं हे आधी कधी ऐकलंच नव्हतं. भाऊसाहेबांनी पटकन लिहून घेतलं.

नंबर असला की दार उघडतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. प्रत्येक रेजिमेंटचं वेगळं, चुकीच्या ठिकाणी पत्र गेलं तर महिने जातात. पेन्शन नसलेल्यांची सेवेची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, पण लाँग रोलला, म्हणजे कायमच्या नामावलीत, नोंद राहते, त्यावरून दुय्यम प्रमाणपत्राची आशा. त्यासाठी हरवल्याची पोलीस नोंद, शपथपत्र आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज. आजोबा कधीकाळी त्या कार्यालयात नाव नोंदवून ओळखपत्र घेऊन आले असतील तर तिथल्या रजिस्टरातही सापडतील. सोमवारी भाऊसाहेब बघणार. जुन्या रजिस्टरात नाव शोधायचं म्हटलं की त्यांचा चेहरा उजळतो, हा छंद आम्हाला फार उपयोगी पडतोय.

३० नोव्हेंबर, रविवार

हयातीचे दाखले संपले. ज्यांचे राहिले त्यांच्या घरी कॅडेट गेले. 'विचारून सांगतो' म्हणालेल्या मंडळाचा आज फोन आला. गाडी देतात, डिझेलसकट, महिनाभर. बॅनर लावणार का, असं मी विचारलं. "नको, तुम्ही बोललेलं लागलंय," म्हणाले.

७ डिसेंबर, रविवार

सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून हाच दिवस. कॅडेट कॉलेजच्या गेटवर छोटे ध्वज घेऊन उभे होते. निधी संकलन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, कार्यालयांना इष्टांक असतो, आणि कर्मचाऱ्यांत कुरकुर ठरलेली : दरवर्षी कापतात, जातात कुठं?

आज उत्तर द्यायला माझ्याकडे फायली होत्या. आपण ज्या ८,००० चे अर्ज भरतोय, ते संरक्षण मंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून येतात आणि तो निधी ध्वजदिन निधीचाच भाग. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला, मणक्याला इजा होऊन कमरेखाली लुळे झालेले सैनिक १९७४ पासून जिथं राहतात, त्यालाही सैनिक बोर्डाकडून अनुदान मिळतं. एका शिक्षकांनी विचारलं, मग तुमच्या गटाला वेगळे पैसे कशाला द्यायचे? प्रश्न बरोबर आहे. मी सांगितलं, त्या निधीत द्या. आम्हाला द्यायचंच असेल तर अर्ज आणि मंजुरी यांच्यामधल्या महिन्यांसाठी द्या. सरकारी मदत मंजूर होईपर्यंत रक्तदाबाची गोळी थांबत नाही. त्यांनी दोघांच्या औषधांचं सहा महिन्यांचं दुकानात सांगून टाकलं, निधीत दिले ते वेगळे.

१६ डिसेंबर, मंगळवार

विजय दिवस. तालुक्याच्या ठिकाणी कार्यक्रम, १९७१ च्या लढाईतल्या माजी सैनिकांना बोलावलं होतं. आमच्या यादीतले एक जण व्यासपीठावर, गळ्यात हार. दरवर्षी बोलावतात म्हणे. ते पश्चिम आघाडीवर होते, पुढे आठव्या वर्षी नाव कापून आले. पेन्शन नाही. इतक्या वर्षांत व्यासपीठावरच्या कोणीही त्यांना 'तुम्हाला पेन्शन आहे का' असं विचारलेलं नाही. मीही यादी करेपर्यंत त्यांना पेन्शनवालेच समजत होते, ते हारामुळेच.

कार्यक्रम झाल्यावर हार हातात घेऊनच ते आमच्या टेबलावर आले. अर्जावर अंगठा नाही, सही, वळणदार. घरपट्टीचंही विचारलं. राज्यात माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मालमत्ता कर माफीची योजना २०२० पासून आहे, ग्रामपंचायतीतही लागू. सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडावा लागतो. ते इतकी वर्षं घरपट्टी न चुकता, मार्चच्या आत भरत आलेत.

२८ डिसेंबर, रविवार

एक मावशी, कुटुंब पेन्शन चालू, पैशांची ओढ तशी नाही. मुलगा चाळिशीचा, जन्मापासून मतिमंद. "माझ्यामागं याचं काय?" एवढंच विचारायला त्या दोन बस बदलून आल्या होत्या. अपंग अपत्याला, स्वतः कमवू शकत नसेल तर, आयुष्यभर कुटुंब पेन्शन मिळू शकते. आईच्या हयातीतच त्याचं नाव पीपीओत नोंदवून घेता येतं. नंतर करायला गेलं की भाऊबंद, पालकत्व, वैद्यकीय मंडळ, सगळं एकदम अंगावर येतं. आता केलं तर आई स्वतः सांगायला समोर आहे.

सिस्टरनी बाकी सगळं बाजूला ठेवून आज याच कामाला वेळ दिला. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जुनं आहे, यूडीआयडी (अपंगत्वाचं ओळखपत्र) कार्ड नाही. जिल्हा रुग्णालयात तपासणीची तारीख घ्यावी लागेल. मुलगा गर्दीत घाबरतो, म्हणून पहिल्या नंबराला जायचं. मावशींना पालक म्हणून पुढे कोणाचं नाव द्यायचं हे ठरवता येईना. धाकट्या दिराचं म्हणाल्या, मग थांबल्या. घाई करू नका म्हटलं. या एका गोष्टीत आम्ही मत द्यायचं नाही.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

आज माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले. सुभेदार साहेब जिल्ह्याच्या मेळाव्याला गेले, सोबत आमचे प्रलंबित अर्ज वहीत लिहून नेले. अधिकाऱ्यांना तिथंच गाठतो म्हणाले.

संध्याकाळी त्यांचा फोन. नोव्हेंबरातले बहुतेक अर्ज शिफारस होऊन पुढे गेलेत, पैसे अजून कोणाला नाहीत. पुरात डिस्चार्ज बुक गेलेल्या आजोबांचं नाव जुन्या रजिस्टरात मिळालं, भाऊसाहेबांनीच शोधलं. रेकॉर्ड ऑफिसच्या उत्तराची वाट. नाव न जुळणाऱ्या आजींचं शपथपत्र झालं, सरपंचांच्या दाखल्यावर तारीख टाकायची राहिली होती म्हणून परत आलंय. लिंब सेंटरला गेलेल्या काकांचं माप घेतलं, पुन्हा बोलावलंय, सोबतीला तोच माणूस तयार आहे. मंडळाची गाडी महिन्यापुरती होती, ती अजून चालूच आहे. धर्मादायची परवानगी अजून नाही, तोवर रोख नाही.

मावशींना मंगळवारची तारीख मिळाली. सिस्टर जाणार. गाडी सकाळी सहाला हवी. दोन्ही कॅडेटच्या परीक्षा पुढच्या आठवड्यापासून, त्यांच्या जागी फोन हाताळणारं कोण, हे शुक्रवारच्या आत ठरवायचं.